कऱ्हेकाठची पेटी

बारामती म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? ऊस, द्राक्षं, साखर कारखाने आणि निवडणुका, होय ना? शाळेत मराठी मन लावून शिकला असाल तर मोरोपंतही आठवतील. कऱ्हेच्या काठी बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहून या पंतांनी (१७२९–१७९४) हजारो आर्या रचल्या. माझी धाकटी नणंद बारामतीला दिलेली, त्यामुळे नाइकांचा वाडा, नदीकाठ हे सारं माझं पूर्वीच पाहून झालेलं. "आता आणखी काय दाखवू तुम्हाला, वहिनी?" असं ती म्हणते आहे तोच भिंतीपलीकडून पेटीचे सूर आले. पिलूतली छान चाल होती. मी विचारलं, "शेजारी भजनी मंडळ आहे वाटतं?" नणंद हसली. "अहो, त्या चर्चच्या पेटीच्या बाई. उद्या रविवार ना!"

तर मैत्रिणींनो, या खेपेला बारामती आणि इंदापूर मी तुम्हाला दाखवणार आहे ते या बाईंच्या मागं मागं हिंडून. बाई निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत. वय ७१. गेली ४५ वर्षं त्या दर रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवतात. पगार नाही. लग्नाला वाजवलं तर कुणी पाकीट देतं, कुणी साडी, कुणी नुसतंच "बाई, जेवून जा हं" म्हणतं. मातीला गेलं की अर्थातच काही नाही, आणि बाईंना ते नकोही असतं.

शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेबांकडून पाच-सहा आकडे येतात. पूर्वी चिठ्ठी यायची, आता मोबाइलवर येतात. हे गीतांचे क्रमांक. बाई पुस्तक उघडत नाहीत. कणीक मळता मळता एकेक गीत गुणगुणून बघतात. "चाल सापडली की पोळ्या पण बऱ्या होतात," असं त्या म्हणाल्या! 'उपासना संगीत' हे मराठी ख्रिस्ती लोकांचं गीतांचं पुस्तक. त्यात शब्द आहेत, पण स्वरलिपी नाही. फार तर वर रागाचं नाव, नाहीतर 'अमक्याची चाल' एवढंच. म्हणजे चाल जी काही आहे ती माणसाच्या कानात. बाईंच्या कानात त्यांच्या वडिलांकडून आली; वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते आणि चर्चची पेटीही तेच वाजवत.

इथल्या ख्रिस्ती मंडळीची हकीकत थोडक्यात सांगते. इंदापूरच्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री यांचं काम होतं. जालन्याजवळ बेथेल वसवलं ते हेच. बारामतीला विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ऑस्ट्रेलियातून 'चर्चेस ऑफ ख्राइस्ट' या पंथाचे मिशनरी आले. या पंथाची एक रीत अशी की प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घेण्याचा विधी, दर रविवारी होतो. पुष्कळ चर्चेसमध्ये तो महिन्यातून एकदाच असतो.

आता याचा पेटीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. तर ताटली एका रांगेतून दुसरीत फिरत असते तेवढा वेळ कुणी बोलत नाही; फक्त पेटी अगदी हळू वाजत राहते. मंडळी किती आली आहेत त्यावर हा वेळ ठरतो. पावसाळ्यात ४० माणसं असतात, नाताळात दाटी. ताटली पुढं पोचली आणि सूर मध्येच तुटला असं होता कामा नये. त्यासाठी बाई डोळ्यांच्या कोपऱ्यातून ताटलीकडे बघत असतात आणि मागची रांग उरली असेल तर ध्रुपदाकडे परत वळतात. मी त्या रविवारी मुद्दाम बघत होते. शेवटच्या बाकावरच्या आजोबांनी भाकर घेतली आणि बाईंचं बोट षड्जावर टेकलं. नुसतं संगीत शिकून हे येत नाही, पंगतीत वाढायची सवय असावी लागते!

आणखी एक गोष्ट तुम्हा गाणाऱ्या मैत्रिणींना पटेल. बायकांचा गळा काळी चार-पाचला खुलतो, पुरुषांचा काळी एकच्या आसपास. भजनी मंडळात एकतर सगळ्या बायका नाहीतर सगळे बुवा, म्हणून निभतं. चर्चमध्ये आजी, नातू, नवरा, बायको सगळे एकदम गाणार. मग पट्टी कुठली धरायची? बाई गीत बघून ठरवतात. चाल वर चढणारी असेल तर खाली धरायची, खालीच घुटमळणारी असेल तर वर. सकाळी आठला गळे जड असतात म्हणून पहिलं गीत अर्ध्या स्वरानं उतरून. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही.

पेटी आपल्याला घरची वाटते, पण जन्मानं ती फ्रेंच, बरं का. पॅरिसच्या अलेक्सांद्र दबँनं १८४२ साली 'हार्मोनियम' या नावानं तिचं पेटंट घेतलं. ती पायानं भाता हाणायची पेटी. मोठा ऑर्गन सातासमुद्रापलीकडून आणणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मिशनऱ्यांनी ही धाकटी बहीण बरोबर आणली. पुढं कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५ च्या सुमारास भाता पाठीमागं घेऊन हातपेटी केली आणि ती मांडी घालून बसणाऱ्या देशात रुळली. आकाशवाणीनं १९४० साली तिला हद्दपार केलं, सुरांना मींड काढता येत नाही म्हणून. ती बंदी १९७१ पर्यंत उठली नाही. तोवर नाटक कंपन्यांनी, कीर्तनकारांनी आणि चर्चेसनी तिला सांभाळलं.

बाईंच्या वडिलांची पेटी दौंडहून 'छोट्या गाडी'नं आली होती. दौंड-बारामती ही अरुंद रुळांची गाडी १९१४ साली सुरू झाली होती. आता तिथं रुंद रूळ आहेत. पेटी मात्र तीच. घरी पेटी असेल त्यांच्यासाठी बाईंचा सल्ला देऊन ठेवते: पेटी भिंतीला चिकटून ठेवू नये, ओल धरते. कातड्याला उंदीर लागतो, म्हणून खोक्यात डांबराच्या गोळ्या ठेवाव्या, पण सुरांपासून लांब. एखादा सूर अडकला तर सुई घालू नये. पातळ कागद हळूच पत्तीखालून सरकवावा, कचरा निघतो.

मोठ्या शहरातला चर्चचा वादक कसा राहतो? मुंबईला फोर्टात सेंट थॉमस कॅथीड्रल आहे, १७१८ सालचं. तिथं पाइप ऑर्गन आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवायची जुनी रीत. ती शिकलेले कितीतरी गोवेकर मुंबईला आले आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले, आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात गुरूचं नाव अजरामर झालं. जर्मनीतल्या लाइप्झिगचा थोर बाख १७२३ पासून मरेपर्यंत चर्चच्या नोकरीत होता. १७३० साली त्यानं एका मित्राला पत्रात रडगाणं लिहिलं की हवा निरोगी आहे, माणसं कमी मरतात, म्हणून अंत्यविधीची मिळकत बुडाली! हे ऐकून आमच्या बाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना जवळचा वाटला तो ऑस्ट्रियातला ग्रूबर. नाताळच्या 'सायलेंट नाइट' या गीताला चाल त्यानं दिली आणि १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री ते ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये गिटारवर गायलं गेलं. तो खेड्यातला शाळामास्तर होता आणि चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. "म्हणजे आमच्यातलाच," बाई म्हणाल्या.

दुपारी आम्ही इंदापूरला निघालो. एका घरी गृहप्रार्थना होती आणि पेटी बाईंची हवी होती. बारामतीहून इंदापूरला जाणारा हा रस्ता म्हणजे तुकोबांच्या पालखीचा रस्ता. सणसर, बेलवाडीचं गोल रिंगण, अंथुर्णे, निमगाव केतकी. एका अंगाला नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी प्यालेला हिरवागार ऊस, जरा पलीकडे कोरडं माळरान. एस.टी.त बाईंच्या मांडीवर रेक्झिनच्या खोळीतली पेटी. कंडक्टरनं विचारलं, "भजनाला का, मावशी?" बाई म्हणाल्या, "हो." मग माझ्याकडे वळून हळूच, "खोटं कुठं बोलले? भजनच की ते!"

खरोखरच खोटं नव्हतं. मराठी चर्चमध्ये अभंग आणला तो रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९). 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या आपल्या लक्ष्मीबाईंचे ते यजमान. त्यांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकारामाला सोडलं नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांच्याही आधी अहमदनगरला कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं. म्हणून या बाजूच्या उपासनेत एक गीत विलायती चालीचं, पुढचं धुमाळीत, टाळावर. आषाढात पालखी बारामतीला मुक्कामाला येते तेव्हा बाई पहाटे रस्त्यावर उभ्या राहतात. "चाली ऐकायला," त्या म्हणतात. यावर चर्चमध्ये कुणी नाक मुरडतं का, हे मी विचारलं. "मुरडतात की. मुरडू देत."

इंदापूरच्या घरी जे झालं ते मला अजून विसरता येत नाही. गावात दोन-तीन चाळी ओलांडून पत्र्याचं, पण सारवून लख्ख केलेलं घर. पंधरा-वीस माणसं जाजमावर बसलेली. बाईंनी गीत सुरू केलं आणि दुसऱ्याच ओळीला घरातल्या आजी भलतीकडे वळल्या. शब्द तेच, चाल निराळी. सगळे गोंधळले. सून म्हणाली, "आत्या, बाई वाजवतात तशी म्हणा ना!" आजी थांबल्या. बाईंनीही भाता सोडला आणि म्हणाल्या, "नाही, तुम्हीच म्हणा. मी तुमच्या मागनं येते." मग आजी एकट्याच गायल्या. कापरा आवाज, पण चाल मोठी गोड. कोमल निषादावरून खाली येताना अशी काही थबकत होती की पुन्हा ऐकावंसं वाटावं. बाईंची बोटं पट्ट्यांवर चाचपडत होती, दोनदा चुकली, तिसऱ्या कडव्याला लागली. ही चाल आजी माहेरी, आईकडून शिकल्या होत्या. घरात दुसऱ्या कुणाला ती येत नव्हती. बाईंच्या भाचीनं मोबाइलवर सगळं ध्वनिमुद्रित केलं, आणि बाईंनी आजींना चहाच्या आधी तीन वेळा म्हणायला लावलं!

परतताना बाई गप्प होत्या. त्यांच्या डाव्या हाताचा अंगठा आताशा भाता ओढताना दुखतो. डॉक्टर विश्रांती घ्या म्हणतात. शिकायला तिघं आली होती. दोघं नोकरीला पुण्याकडं गेली, तिथं की-बोर्ड वाजवतात. बाईंचा की-बोर्डवर राग नाही. बारसं-लग्नाला तो झकास, असं त्या कबूल करतात. "पण बटण दाबलं की पट्टी बदलते, मग बोटं शिकायची कशी? आणि ताल आत भरलेला, तो आजीसाठी थांबेल का?" तिसरी मुलगी बारावीला आहे. परीक्षा झाली की येते म्हणाली आहे. मला विचाराल तर मंडळीनं त्या मुलीला दरमहा काहीतरी मानधन लावावं. सेवा म्हणून फुकट करायची कामं नेहमी बाईच्याच वाट्याला का येतात, हा प्रश्न मी काही चर्चपुरता विचारत नाही.

तोवर बाईंनी एक काम हाती घेतलं आहे. शाळेतली जुनी हजेरीवही आहे, तिच्या कोऱ्या पानांवर त्या सरगम लिहितात. पानाला एक गीत, खाली चाल कुणाकडून मिळाली त्यांचं गाव. आतापर्यंत ६३ झाली आहेत. इंदापूरच्या आजींची चौसष्टावी.

तुम्हाला जायचं असेल तर पुण्याहून बारामती सुमारे १०० किलोमीटर, सासवड-जेजुरी-मोरगाव रस्त्यानं जा, म्हणजे खंडोबा आणि मोरेश्वर दोघांचं दर्शन वाटेत होतं. शनिवारीच मुक्कामाला पोचा. रविवारची उपासना सकाळी लवकर असते. मागच्या बाकावर बसायला कुणी ना म्हणत नाही. थंडीत गेलात तर भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी बघून या. आणि बाईंच्या घरी गेलात तर चहा जरूर घ्या, फक्त कप पेटीवर ठेवू नका. माझ्या नणंदेनं एकदा ठेवला होता. ते अजून निघतं!