इटलीच्या ताटात टोमॅटो कुणाचा?

गेल्या श्रावणात लेकीकडे, पिंपळे सौदागरला जाण्याचा योग आला. आमचे गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजाराला लागून. घरी टोमॅटो, थोडा कांदा आणि दोन म्हशी. जावई चाकणला मोटारीच्या कारखान्यात नोकरीला. त्यांचा फोन आला, "मामा, पगारवाढ झालीय. मामींना घेऊन या. इथं नवं इटालियन हॉटेल निघालंय, तिथं जेवू." सौ.ने पहिले विचारले ते हे, की श्रावणात चालेल असे काही मिळते का. मिळते म्हणाले, तेव्हा निघालो.

नारायणगाव सोडले की मंचर, राजगुरुनगर, चाकण, मोशी असा रस्ता. मंचरला परागच्या दूध कारखान्यात चीज बनते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. चाकणचा संग्रामदुर्ग १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाच्या फौजेपुढे पन्नासहून अधिक दिवस लढवला. पुढे चाकण म्हटले की कांदा आणि बैलबाजार. आता बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन यांच्या पाट्या आणि कंटेनरची रांग. त्या रांगेत आमचा एक तास गेला. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महानगरपालिका. तशी इटली इथे नवी नाही. आकुर्डीला बजाजच्या ज्या स्कुटरी बनत, त्यांचे मूळ इटलीच्या व्हेस्पात. तिकडे ती १९४६ ला निघाली. ज्यांच्या लग्नात चेतक आली होती, त्यांनी इटलीची चव आधीच घेतली म्हणायची.

हॉटेलात दिवे इतके मंद, की सौ.ला वाटले लाइट गेली. एका बाजूला काचेपलीकडे विटांची घुमटाकार भट्टी, आपल्या गावच्या बेकरीसारखीच. तिच्यात लाकडे पेटलेली.

आधी रिसोटो नावाचा भात आला. सौ. हळूच म्हणाली, "अहो, हा तर गुरगुट्या भात!" खरेच होते, फक्त वर चीज. मग पास्ता. तिने दाताखाली धरून पाहिला आणि म्हणाली, "कच्चट राहिलाय." लेक म्हणाली, "आई, तो असाच ठेवतात, दाताला लागेल असा." पास्त्याचा गहू कठीण दाण्याचा असतो. शेवयांसाठी आपण बन्सी गहू जपून ठेवतो, त्याच जातकुळीचा. इटलीत १९६७ च्या कायद्याने सुका पास्ता याच गव्हाचा हवा. पुण्याच्या आघारकर संस्थेने काढलेला एमएसीएस ४०२८ हा वाणही त्याच जातीचा आहे.

पिझ्झ्यावर हिरवी पाने होती. चुरगाळून वास घेतला, तर सब्जा! ज्याचे बी आपण उन्हाळ्यात सरबतात घालतो, ते हेच झाड. इटालियन लोक त्याची पाने खातात. वरचे पांढरे चीज मोझरेला. इटलीच्या दक्षिणेला ते मुळात म्हशीच्या दुधाचे करतात. हे ऐकून सौ. खूश झाली. गायीच्या दुधाचे कौतुक ऐकून ती कंटाळली आहे.

गहू, सब्जा, म्हैस, सगळे ओळखीचे निघाले, म्हणून मी वाढणाऱ्या पोराला मोठ्या हौसेने विचारले, "बाबा, टोमॅटो नारायणगावचा का नाशिकचा?" तो म्हणाला, "नाही काका, सॉसचा टोमॅटो इटलीहून डब्यात येतो."

घास हातातच राहिला. साठेक किलोमीटरवर आमच्या शेतात टोमॅटो उभा, आणि इथे समुद्रापलीकडचा डबा!

माझा चेहरा पाहून जावयांनी मुख्य आचाऱ्याला बोलावले. माणूस भला होता. त्याने एक डबा फोडून दाखवला. आत लांबट, गराने भरलेले टोमॅटो, बी थोडे, पाणी कमी. तो म्हणाला, "काका, हे झाडावर लाल होऊ देतात आणि जवळच्याच कारखान्यात डब्यात भरतात. तुम्ही माल नुसता रंग धरला की तोडता." खोटे काय सांगायचे? आमचा माल दिल्लीपर्यंत टिकला पाहिजे, म्हणून जाड सालीचा हायब्रीड लावतो आणि अर्धकच्चा तोडतो. आंबटगोड चव त्यात कुठून यायची!

पण डब्यामागे नुसती जात नाही. उत्तर इटलीत पार्माच्या भागात शेतकऱ्यांच्या उत्पादक संघटना कारखानदारांशी बसून दरवर्षी दराचा करार करतात. आमच्याकडे २०२३ च्या जुलैत वीस किलोचे क्रेट दोन हजारांवर गेले, आणि सप्टेंबरात तोडणीची मजुरी निघेना. अशात कोण कारखान्यासाठी वेगळी जात लावील? आणि कारखानदार तरी कशाच्या भरवशावर यंत्रे मांडील?

बिल साडेतेहतीसशेच्या आसपास झाले. जावयाच्या पैशाने जेवणे आमच्याकडे जरा जडच जाते. त्यात आदल्या दिवशी आमचे क्रेट दोनशे ऐंशीला गेलेले. मनात हिशेब केला: बारा क्रेट. सौ.ला गाडीत सांगितले, तर ती बराच वेळ बोलली नाही.

पंधरा दिवसांनी पुन्हा गेलो, तेव्हा एक क्रेट चार दिवस जास्त झाडावर ठेवून, एकेक थर कागदात बांधून नेले. चाकणच्या गर्दीत खालचा थर फुटलाच. आचाऱ्याने उरलेल्याचा सॉस केला, चाखला आणि म्हणाला, "चव आहे काका, पण पाणी फार. आटवायला दुप्पट गॅस लागला." तो पैसे देऊ लागला. सौ.ने घेऊ दिले नाहीत. म्हणाली, "पुढच्या बारीला आधी दर ठरवू, मग घेऊ."

रोपवाटिकेत लांबट, गराच्या जातीची शंभर रोपे सांगून ठेवली आहेत. विहिरीजवळच्या दोन सरींत बसतील.