आवाज भरपूर, शब्द मात्र नाहीत

१४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून चांद्रयान-३ झेपावले, तेव्हा बंगळूरूतील एका दोन खोल्यांच्या घरात शोकेसमधील कपबश्या थरथरल्या. आदल्याच आठवड्यात त्या घरी होम थिएटर आले होते. एकाच खोक्यात पाच छोटे स्पीकर, एक सबवूफर आणि ॲम्प्लिफायर. किंमत नऊ हजार रुपये. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत साहाय्यक असलेल्या त्या घरच्या मुलाने पगारातून वर्षभर बाजूला टाकलेल्या पैशांतून ते घेतले होते. खोक्यावर वॅटचा भला मोठा आकडा छापलेला होता आणि प्रक्षेपकाचा गडगडाट ऐकताना तो आकडा त्याला खरा वाटत होता.

शेजारी बसलेली आई मात्र अस्वस्थ होती. बेळगावच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली ती बाई आकडे ऐकायला बसली होती. “अरे, आवाज भरपूर आहे,” ती म्हणाली, “पण तो माणूस काय सांगतोय, त्यातलं एक अक्षर कळत नाही.”

त्याने आवाज आणखी वाढवला. कपबश्या अधिक थरथरल्या. आईने उठून स्वयंपाकघर गाठले.

त्या रात्री त्याला वाईट वाटले ते पैशांचे नव्हे. गेली दोन वर्षे आई दूरदर्शनसमोरून अशीच मधूनच उठून जात असे आणि तिला कंटाळा येतो, अशी त्याने आपली समजूत करून घेतली होती. तिला ऐकूच येत नसावे, हा विचार त्याच्या मनात त्या दिवशी प्रथम आला.

चांद्रयान चंद्रावर उतरायला चाळीस दिवस होते. त्या चाळीस दिवसांत त्याने घरातच एक प्रयोग मांडला.

पहिला धडा वॅटचा होता. विद्युतशक्ती दुप्पट केली, तरी ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला सुमारे दहापट शक्ती लागते. म्हणजे खोक्यावरच्या आकड्याने फारसे काही सिद्ध होत नव्हते. शिवाय आईला उणीव होती ती आवाजाची नव्हे, स्पष्टतेची.

दुसरा धडा भाषेचा. बोलण्यातील बळ मुख्यतः स्वरांत असते आणि स्वरांची बरीचशी ऊर्जा कमी वारंवारतेत असते. शब्दाशब्दांतील भेद दाखवणारी स, श, फ, त यांसारखी व्यंजने क्षीण असतात आणि त्यांची खूण बहुतांशी २,००० हर्ट्झच्या वर उमटते. वयोमानाने कानाची संवेदना प्रथम कमी होते ती नेमकी या वरच्या पट्टीत. त्यामुळे वृद्ध माणसाला बोलणे ऐकू येते, पण उमगत नाही. त्यात खर्जाचा जोर वाढला, की तो वरच्या पट्टीतील बारीक ध्वनी झाकून टाकतो. त्याने आवाज वाढवला, तेव्हा घडले ते हेच.

तिसरा धडा खोलीचा. ५० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते. त्याची बैठकीची खोली साडेतीन मीटर लांब, म्हणजे बरोबर अर्धी तरंगलांबी. अशा खोलीत समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतात आणि तेवढी एक वारंवारता घुमत राहते. सबवूफर कोपऱ्यात ठेवला, तर हे घुमणे सर्वांत जास्त चेतवले जाते. त्याने तो कोपऱ्यातच ठेवला होता, कारण तेथे जागा होती.

यावर ध्वनितज्ज्ञांची एक जुनी युक्ती आहे. सबवूफर श्रोत्याच्या खुर्चीवर ठेवायचा, खर्जाचा संथ सूर लावायचा आणि स्वतः जमिनीवर रांगत जेथे तो सूर सर्वांत सम ऐकू येईल ती जागा शोधायची. मग सबवूफर तेथे न्यायचा. एका रविवारी त्याने ते केले. आई दारात उभी राहून पाहत होती. “लहानपणी तू इतका रांगला नव्हतास,” ती म्हणाली आणि पुष्कळ दिवसांनी मोकळेपणी हसली. जागा सापडली ती खिडकीखाली, भिंतीच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर.

मग मधला स्पीकर. संवाद मुख्यत्वे त्यातूनच येतात. वृत्तप्रक्षेपणात बहुधा डावी आणि उजवी अशा दोनच वाहिन्या असतात. तेव्हाही यंत्र दोन्हींत समान असलेला ध्वनी, म्हणजे निवेदकाचा आवाज, मधल्या स्पीकरकडे वळवू शकते. त्याने मात्र तो शोकेसच्या काचेआड ठेवला होता. खर्जाचे लांब तरंग अडथळ्याला वळसा घालून जातात. ५,००० हर्ट्झचा तरंग जेमतेम ७ सेंटिमीटरचा. तो काचेवर आपटून परततो. काच सरकली, स्पीकर कडेला आला, त्याचे तोंड आईच्या कानांच्या उंचीला वळले. फरशीवर सतरंजी आली, उघड्या भिंतीशी पुस्तकांचे कपाट आले, सबवूफरची पातळी निम्म्याखाली गेली. या साऱ्याला एक रुपयाही लागला नाही.

२३ ऑगस्टच्या सायंकाळी ५ वाजून ४४ मिनिटांच्या सुमारास सुमारे ३० किलोमीटर उंचीवरून विक्रमचे अवतरण सुरू झाले. नियंत्रणकक्ष त्यांच्याच शहरात होता. आईने वही आणि पेन्सिल घेतली होती. उंचीचा आकडा उच्चारला गेला, की ती तो मोठ्याने म्हणे आणि लिही. पडद्यावरचे आकडे पाहायचे नाहीत, असा तिचाच नियम होता. चष्मा तिने मुद्दाम काढून ठेवला होता. आवाज प्रक्षेपणाच्या दिवसापेक्षा कितीतरी कमी होता. कपबश्या स्वस्थ होत्या.

चंद्रावर हवा नाही. तेथे यान उतरताना ऐकू येण्याजोगे काहीच नसते. त्या सायंकाळी सबवूफरला जवळपास काम नव्हते. अवघ्या देशाने कान लावले होते ते माणसांच्या शब्दांकडे आणि मधल्या छोट्या स्पीकरमधून ते शब्द आईपर्यंत पोहोचत होते.

६ वाजून ४ मिनिटांनी विक्रम उतरले. टाळ्या विरल्यावर त्याने वही पाहिली. बहुतेक आकडे बरोबर होते. एका ठिकाणी मात्र तिने ‘फिफ्टी’च्या जागी ‘सिक्स्टी’ लिहिले होते. वाक्यातला शब्द निसटला, तर संदर्भावरून ओळखता येतो. आकडा निसटला, तर ओळखायला आधार नसतो. फ आणि स यांतील भेद अगदी वरच्या पट्टीत असतो आणि तेथे त्याच्या सतरंजीचा किंवा कपाटाचा उपाय चालणार नव्हता.

त्याने काही म्हणायच्या आत आईनेच ती चूक हेरली. उत्तरपत्रिकेवर ओढावी तशी तिने त्या आकड्याखाली रेघ ओढली. “ही खोलीची चूक नाही रे,” ती शांतपणे म्हणाली, “ही माझी.”

पुढच्याच आठवड्यात तिने कान तपासून घेतले. श्रवणालेखावरची रेषा २,००० हर्ट्झनंतर उताराला लागली होती, दोन्ही कानांत जवळजवळ सारखीच. दोन वर्षे ज्या श्रवणयंत्राच्या नुसत्या उल्लेखाने ती विषय बदलत असे, त्याची चौकशी तिने स्वतः केली.

होम थिएटर अजून त्या घरी आहे. वॅटचा आकडा छापलेले खोके माळ्यावर गेले. वही मात्र शोकेसमध्ये, कपबश्यांच्या शेजारी ठेवली आहे.

#ध्वनिशास्त्र #श्रवण #चांद्रयान३