लवंगेचं तेल : आजीचं आणि बाटलीतलं



आमच्या माण तालुक्यात लवंग पिकत नाही. तिला दमट हवा आणि भरपूर पाऊस लागतो, आणि आपण पडलो पर्जन्यछायेत. तिचं मूळ घर इंडोनेशियातली मालुकू बेटं. व्यापार आपल्याच मुठीत राहावा म्हणून डचांनी तिथल्या कितीतरी बेटांवरची लवंगेची झाडं तोडून टाकली होती. पुढे १७७० च्या सुमारास फ्रेंचांनी रोपं मॉरिशसला नेली आणि नंतर लवंग झांजीबारपर्यंत पोचली. अशी ही सातासमुद्रापलीकडची कळी दहिवडी-म्हसवडच्या बाजारातून आपल्या मसाल्याच्या डब्यात येऊन बसली. होय, कळीच! लवंग म्हणजे न उमललेलं, वाळवलेलं फूल. वर्गात प्रत्येकाच्या हातावर एकेक लवंग ठेवा आणि देठ, पाकळ्या शोधायला सांगा. पोरं हरखून जातात.

आपल्याकडे तिचे उपयोग किती! दाढ ठणकली की दाढेखाली लवंग. खोकला आला की तव्यावर भाजून तिची पूड मधातून (एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध द्यायचा नाही). विडा टोचायला लवंग. चरकसंहितेतसुद्धा तोंडाला सुवास यावा म्हणून जायफळ, सुपारीबरोबर लवंग तोंडात धरायला सांगितली आहे. आणि आजीचं तेल : खोबरेल मंद आचेवर तापवायचं, चार-पाच लवंगा टाकायच्या, गार झाल्यावर गाळून बाटलीत भरायचं. तेच दुखऱ्या सांध्याला, तेच केसांना. त्यानं केस वाढतात म्हणतात. वास छान येतो, एवढं मात्र नक्की.

आता गोम इथे आहे. दुकानात छोट्या बाटलीत मिळतं त्यालाही आपण 'लवंगेचं तेल'च म्हणतो. पण ते वाफेवर काढलेला निव्वळ अर्क असतो. त्यात बहुतांश युजेनॉल नावाचा पदार्थ असतो. आजीच्या तेलात तो नावापुरता उतरतो. नाव एकच, ताकद वेगळी. फरक दाखवायला सोपा प्रयोग आहे, शिक्षकांनी स्वतः करावा. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घ्या. एकात खोबरेलाचा थेंब सोडा, तो तरंगतो. दुसऱ्यात बाटलीतल्या अर्काचा थेंब सोडून काडीनं हलकेच आत ढकला, तो तळाशी जातो. "गुरुजी, तेल बुडतंय!" असा एकच गलका होतो. इथून घनतेचा पाठ सुरू करता येतो.

युजेनॉल नस बधिर करतं आणि जंतूंनाही आवरतं. दंतवैद्यसुद्धा झिंक ऑक्साइडमध्ये ते कालवून दातात तात्पुरतं भरण करतात. म्हणजे आजीबाईचा बटवा खोटा नव्हता. पण एका पालकसभेत मी एका मुलाच्या किडलेल्या दाढेचा विषय काढला, तेव्हा त्याची आजी म्हणाली, "आवो गुरुजी, त्याल लावलंय की! आता दुखत न्हाय पोराचं. मग दवाखाना कशापायी?"

मी म्हटलं, "आजी, रानात आग लागली आणि आपण डोळे मिटले, तर आग विझते का?" आजी हसल्या, पण दोन दिवसांनी नातवाला घेऊन दवाखान्यात गेल्या. तेल दुखणं झाकतं, कीड काढत नाही. दुखणं थांबलं की आपण निवांत होतो आणि कीड आत मुळापर्यंत जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, ते दातही तपासतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, एवढी पालकांना विनंती.

आणखी दोन गोष्टी. मोबाईलवरचे व्हिडिओ बघून मोठ्या वर्गातल्या मुली पुटकुळ्यांवर हा अर्क थेट लावतात. त्यानं कातडी भाजल्यासारखी होते. मोठ्यांनी लावायचाच तर चमचाभर खोबरेलात एक थेंब. चमचा ५ मिलीचा, म्हणजे साधारण १०० थेंब. हे प्रमाण शेकडा किती, हे गणित मुलांनाच सोडवू द्या. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर थांबायचं. लहान मुलांच्या हिरडीला मात्र हा अर्क स्वतःच्या मनानं लावूच नका.

दुसरी गोष्ट जिवाची. लहान मुलानं हा अर्क प्यायल्यावर झटके, बेशुद्धी, यकृताला गंभीर इजा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत, आणि तेवढ्याला एक-दोन चमचे पुरले आहेत. देवळीत, खोबरेलाच्या शेजारी ही बाटली ठेवू नका. कुणी प्यायलंच तर उलटी करवत बसू नका. बाटली सोबत घ्या आणि तडक दवाखाना गाठा.

आजीचं ज्ञान जपायचं तर तिचं प्रमाणही जपलं पाहिजे. या आठवड्यात मुलांना गृहपाठ द्या : घरातल्या तेलांच्या बाटल्या मोठ्यांसोबत बघा, प्रत्येकीवर नाव लिहा आणि अर्काची बाटली आईला सांगून उंचावर ठेवा.