वाऱ्याच्या वाट्या

चेण्याला दोन वारे आहेत. दिवस तापला की वसईच्या खाडीवरून खारा वारा घोडबंदर रस्ता ओलांडून गावात शिरतो. रात्र सरता सरता राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवरून मतलई वारा उतरतो आणि खाडीच्या वाटेला लागतो. पावसाळ्यात तर गायमुख घाटाच्या बाजूनं वारा कसा वळून येईल, सांगता येत नाही. बागेत वाऱ्यावर फिरणारं तांब्याचं शिल्प उभं करायचं, तर आधी या दोघांची मर्जी बघावी लागते.

जत्रेतल्या भिंगरीला वाऱ्याकडे तोंड करावं लागतं. म्हणून तर पोरं ती घेऊन धावत सुटतात. वाट्यांना ही अडचण नाही. उभा दांडा, त्यावर आडवे हात, हातांच्या टोकांना वाट्या आणि त्या सगळ्या एकाच फेऱ्यात एकीमागून एक तोंड करून बसवलेल्या. वारा कुठूनही येवो, वाटीच्या पाठीवर त्याचा जेवढा जोर लागतो त्याच्या तीन-चार पट तो पोकळीत लागतो. पाठीवरून वारा घसरून जातो, पोकळीत अडकतो. त्यामुळे खारा असो की मतलई, चक्र एकाच दिशेनं फिरत राहतं. आयर्लंडच्या टॉमस रॉबिन्सन यांनी १८४६ साली वाऱ्याचा वेग मोजायला चार वाट्यांचं यंत्र केलं ते याच तत्त्वावर. वेधशाळांत आता तीन वाट्यांची यंत्रं फिरताना दिसतात.

आणि सपाट पत्र्यातून पोकळी काढणं हे तर आपल्या तांबटांचं पिढीजात काम. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत ते अजून चालतं. पत्र्याची चकती ऐरणीच्या गोल डोक्यावर धरून फिरवत ठोकायची, एकेक वेढा. ठोकून ठोकून तांबं हट्टी होतं, हातोडी उडवून लावतं. मग ते भट्टीत लालसर होईपर्यंत तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. पोलाद असं बुडवलं तर कडक होतं. तांबं मऊच राहतं, पुन्हा ठोकून घ्यायला तयार. शेवटी मठारकाम. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीचे एकाला एक लागून घाव, प्रत्येक घावाचा लहानसा चकचकीत डोळा. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण त्या घावांनीच पत्र्याला ताठपणा येतो. पाऊण मिलिमीटरच्या आतला पत्रा जून-जुलैत टिकतो तो या मठारण्यामुळे. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. न मठारलेल्या मऊ वाटीची कड पहिल्याच वादळी सरीत दुमडते.

बागेत मदतीला येणाऱ्या पाड्यावरच्या मुलानं विचारलं, "काका, हे पाखरं हाकलायला का?" पाखरं कशाला जातील! समोरच्या उंबरावर उन्हाळाभर तांबट पक्षी आपली टुकटुक चालू ठेवतो आणि खाली हे चक्र संथ फिरत असतं. संथपणा मला फार मोलाचा वाटतो. प्लास्टिकची भिरभिरी झुळूक आली की वेड्यासारखी सुटते आणि थांबली की मेल्यागत थांबते. तांबं जड. ते उशिरा हलतं, आणि वारा पडल्यावरही थोडा वेळ फिरत राहतं.

खाडीकाठी खरा धोका दांड्याला. खाऱ्या दमट हवेत तांब्याला लोखंड टेकलं की लोखंड झपाट्यानं खाल्लं जातं. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचं हेच झालं. १८८६ साली उभ्या राहिलेल्या त्या पुतळ्याच्या तांब्याच्या कातडीला फारसं काही झालं नाही, पण आतल्या लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि १९८०च्या दशकात त्यांच्या जागी स्टेनलेस स्टील घालावं लागलं. म्हणून दांडा स्टेनलेस, बेअरिंगही त्याचंच, आणि जिथे दोन धातू भेटतात तिथे नायलॉनची चकती. तांबं हिरवं पडतं ते पडू द्यावं. तो थर खालच्या धातूला राखतो. तांब्यावर चकाकी टिकवायला लाखेचा हात देणं मला मुळीच पटत नाही. घरातला तांब्या चिंच-मिठानं घासावा, बागेतल्याला हात लावू नये.

पुढचं काम मनात घोळतंय ते बंबाचं. १९२०च्या दशकात फिनलंडच्या सावोनिउस यांनी पिंप उभं मधोमध कापून, दोन अर्धुकं जराशी बाजूला सरकवून वाऱ्याचं चक्र केलं. वरून पाहिलं तर इंग्रजी एस अक्षराचा आकार. तेही वाऱ्याची दिशा विचारत नाही. आपल्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब म्हणजे तयार पिंपच, आणि निखाऱ्यांसाठी मधोमध उभी नळी आहे ती दांड्याच्या म्यानासारखी आयती. घरचा जुना बंब माळ्यावर आहे, पण कुणा तांबटानं इतक्या निगुतीनं जोडलेली शिवण उकलायची माझी तयारी नाही. तेव्हा कसबा पेठेतून नवा घडवून घेणार आहे, तळ आणि तोटी नसलेला, उभा चिरून दोन भागांत, नळी मात्र अखंड. कारागिराला फक्त एवढंच सांगायचं आहे की मठारकाम आतल्या बाजूनंही करा, कारण यात पाणी नाही, वारा भरायचा आहे.