सुरांचं घराणं

वैशाखातल्या सकाळी पर्जन्यवृक्षाच्या आडव्या फांदीवर कावळीण पिलाला भरवत असते. पिलू काळं, अंगाने बऱ्यापैकी थोराड, चोच उघडली की आत लालसर. आणि मागणं असं की घास गिळून होतो न होतो तोच पुन्हा पंख थरथरवत तोंड वर. मागे घरटं दिसतं. काटक्यांचं, त्यात बांधकामावरून उचलून आणलेल्या तारांचे तुकडे गुंतवलेले. हे पिलू तिचं नाही. काही आठवड्यांपूर्वी कोकीळ नर समोरच्या झाडावर येऊन मुद्दाम ओरडत राहिला, कावळे त्याच्या पाठी लागले, आणि तेवढ्या अवधीत अंगभर ठिपक्यांची मादी घरट्यात अंडं घालून निघून गेली. कावळ्याच्या अंड्याहून ते आकाराने लहान, रंगाने मात्र बरंचसं तसंच. शिवाय ते दोन-तीन दिवस आधी उबतं, त्यामुळे पहिला घास त्यालाच मिळतो.

आता या पिलाच्या कानावर पडतं ते काय? दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काव काव. ज्या चोचीतून अन्न येतं त्याच चोचीतून हा आवाज येतो. तरीही पुढच्या वसंतात, ते नर असेल तर, पहाटेच्या अंधारात चढत्या सुरात ‘कुहू’ सुरू करील. आसपास दुसरे कोकीळ ओरडत असतात हे खरं, पण त्याला त्यांची शिकवणी लागत नाही. कोकिळेच्या कुळातल्या पक्ष्यांना आपली हाक उपजत येते. किती जुनी ही आठवण! ज्यांना आपण कधी पाहिलं नाही अशा आईबापांचा आवाज एक पाखरू गळ्यात बाळगून असतं, आणि परक्या घरचं अन्न खाऊनही तो हरवत नाही. याच्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

‘खाण तशी माती’ म्हणणाऱ्यांना इथे थांबता येईल. सह्याद्री मात्र थांबू देत नाही.

आषाढात आंबोलीला किंवा भीमाशंकरला उजाडण्याआधी ओढ्याच्या बाजूला उभं राहावं. धुकं, पाण्याचा आवाज, आणि त्यातून कोणीतरी रिकामपणी शीळ घालत चाललंय असा सूर. वर जातो, मध्येच सोडून देतो, पुन्हा भलतीकडूनच धरतो. हा मलबारी शीळकरी कस्तूर. काळसर निळा पक्षी. उजेड नीट पडला तर कपाळावर आणि खांद्यावर चकाकणारा निळा पट्टा दिसतो. पूर्वी लोक हा पक्षी पिंजऱ्यात पाळत, आणि तो माणसाने शिळेवर घातलेली सबंध चाल उचलत असे. कोकिळाला हे जमणार नाही. कस्तूर ज्या गाणाऱ्या पक्ष्यांच्या मोठ्या गटातला आहे, त्यांना गाणं ऐकून शिकावं लागतं.

पीटर मार्लर या शास्त्रज्ञाने अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या पांढऱ्या टोपीच्या चिमण्या अभ्यासल्या. थोड्याथोड्या अंतरावर त्यांची बोली बदलते, जशी आपल्याकडे घाट उतरला की बदलते. पिलू साधारण दहा ते पन्नास दिवसांचं असताना जे ऐकतं, त्यावर त्याचं पुढचं गाणं उभं राहतं. त्या दिवसांत ध्वनिमुद्रित गाणी ऐकवली, तर ते आपल्या जातीचं गाणं नेमकं उचलतं आणि दुसऱ्या जातीचं बाजूला टाकतं. गाणं रक्तातून आलेलं नसलं, तरी कोणतं गाणं आपलं हे ओळखणारा कान रक्तातून आलेला आहे. आनुवंशिकता आणि परिसर यांचं भांडण लावून देणाऱ्यांनी या कानाकडे पुरेसं पाहिलेलं नाही असं मला वाटतं. घराण्याने कान दिला, परिसराने सूर दिला. यातलं एक काढून घेतलं तर दुसऱ्याला अर्थच उरत नाही.

मग एखाद्याला सूर मिळालाच नाही तर? न्यूयॉर्कमधल्या संशोधकांनी झेब्रा फिंच या इवल्याशा, नारिंगी गालांच्या ऑस्ट्रेलियन पक्ष्यांवर केलेला एक प्रयोग 2009 साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. या पक्ष्यांत फक्त नर गातात, आणि तेही बापाचं ऐकून. काही नर कोणाचंही गाणं कानावर पडू न देता वाढवले. ते मोठे होऊन गायले, पण ते गाणं खडबडीत होतं: लांबवलेले, ओबडधोबड स्वर, ताल विस्कटलेला. मग या एकाकी नरांच्या हाताखाली कोवळी पिलं दिली. पिलांना गुरू म्हणून तेवढंच. त्यांनी ते विस्कटलेलं गाणं मन लावून उचललं, आणि उचलताना जरासं सावरलं. त्यांच्याकडून पुढची पिढी शिकली, तिनेही थोडं सावरलं. तीन-चार पिढ्यांत गाणं रानातल्या झेब्रा फिंचच्या गाण्याजवळ येऊन पोचलं. ते रानातलं गाणं त्यांच्यापैकी एकानेही ऐकलेलं नव्हतं.

हे वाचलं तेव्हापासून मला पक्ष्यांचा कुठलाही थवा पूर्वीसारखा दिसत नाही. एकट्या जिवात सबंध गाणं नव्हतं. ते पिढ्यांच्या मधल्या जागेत, शिकवणारा आणि शिकणारा यांच्यामध्ये, वाट पाहत होतं.

माणसाचं बाळ या दोन्ही घरांचं. हसू त्याच्यासोबत येतं. जन्मापासून न दिसणारी, न ऐकू येणारी मुलंही आनंद झाला की हसतात. भाषा मात्र बाहेरून यावी लागते, आणि तिचं येणं आपल्याला वाटतं त्याच्या आधीच सुरू झालेलं असतं. जर्मनीतल्या वुर्झबर्ग विद्यापीठाच्या काथलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच दिवसांच्या 60 तान्ह्या बाळांचं रडणं मुद्रित केलं, निम्मी फ्रेंच घरांतली, निम्मी जर्मन. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुतेक वेळा चढत जाई, जर्मन बाळांचा उतरत येई. त्यांच्या आयांच्या बोलण्याची चाल अशीच. गर्भाशयात शब्दांच्या कडा पुसल्या जातात, चाल टिकते. पहाटे जात्यावर बसलेल्या गरोदर बाईच्या पोटातल्या जिवापर्यंत ओवीचे शब्द पोचत नसतील, तिचा हेल नक्की पोचत असणार.

स्वभावाचं काय? इथे लोक लगेच आकडा मागतात. 2015 मध्ये पन्नास वर्षांतल्या 2,748 जुळ्यांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला गेला, आणि सगळ्या गुणधर्मांची सरासरी काढून आनुवंशिकतेचा वाटा 49 टक्के आला. या आकड्याचा अर्थ तुमच्यातलं निम्मं आजोबांचं आणि निम्मं गल्लीतलं असा होत नाही. माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती फरक जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो सांगतो. एकेका माणसाची वाटणी तो करत नाही. कस्तुराची शीळ किती टक्के गळ्याची आणि किती टक्के कानावर पडलेल्या सुरांची, हे विचारण्यासारखंच ते.

आकड्यापेक्षा मला नेदरलँड्समधले ग्रेट टिट अधिक शिकवतात. आपल्याकडच्या राखी वल्गुलीचे हे सख्खे भाऊबंद. अनोळखी खोलीत लाकडाची कृत्रिम झाडं ठेवून त्यात एकेक पक्षी सोडला. काही पक्षी आल्याआल्या या झाडावरून त्या झाडावर, काही दाराशीच बसून सगळं न्याहाळणारे. धीट आणि सावध. पुढे धिटांच्या जोड्या धिटांशी आणि सावधांच्या सावधांशी लावत चार पिढ्या नेल्या, तेव्हा पिल्लांतला फरक वाढत गेला: स्वभाव वारशाने येतो. मग रानातल्या याच पक्ष्यांचा वर्षानुवर्षं माग ठेवला. बीच झाडाच्या बिया मुबलक पडल्या त्या वर्षी एका स्वभावाचे जास्त तगले, तुटीच्या वर्षी दुसऱ्या स्वभावाचे. आणि एकाच वर्षी नरांना जे लाभलं ते माद्यांना बाधलं. म्हणून रानाने दोन्ही स्वभाव सांभाळून ठेवले.

वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या, नवं माणूस आलं की आईच्या पदराआड जाणाऱ्या मुलाला आपण किती चटकन ‘बुजरं’ म्हणून मोकळे होतो! जेरोम केगन यांनी हार्वर्डमध्ये चार महिन्यांच्या बाळांपुढे रंगीत खेळणी हलवून पाहिली, तेव्हा सुमारे 20 टक्के बाळं हातपाय ताणून रडू लागली. त्यांच्यातली बरीच पुढे जपून वागणारी झाली, पण सगळी लाजाळू झाली नाहीत. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ हे ज्यांनी रोज गोठ्यात पाहिलं, त्यांना याचं नवल वाटलं नसतं. वाण राहतो. तो कोणाशेजारी बांधला जातो, यावर पुष्कळ ठरतं.

झेब्रा फिंचसारखं काही माणसांत घडू शकेल का, हे पाहणारा प्रयोग कोणी करू नये, करणारही नाही. पण निकाराग्वात ते आपोआप घडलं. 1970 च्या दशकाच्या अखेरीस मानाग्वा शहरात कर्णबधिर मुलांसाठी शाळा सुरू झाली. तोवर ही मुलं आपापल्या घरी एकटी होती, घरापुरत्या खाणाखुणांवर भागवत होती. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि स्पॅनिश बोलायला शिकवत, ते फारसं जमत नव्हतं. मधल्या सुट्टीत आणि बसमध्ये मात्र हात चालू होते. पहिल्या मुलांनी आपापल्या खुणा एकमेकांत मिसळल्या. मागून आलेल्या लहानांनी त्या उचलल्या, सावरल्या, त्यांना व्याकरण दिलं, आणि जगात पूर्वी नसलेली एक पुरी भाषा उभी राहिली. तिची सर्वांत बारीक वळणं जमली ती लहान वयात आलेल्यांना. जी मुलं मोठेपणी शाळेत आली, त्यांच्या हातांत ती पूर्णपणे कधी उतरली नाहीत.

म्हणून आपल्याकडे प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाची ऐकण्याची तपासणी व्हावी, याचा मी आग्रह धरते. बाळ झोपलेलं असताना कानात छोटंसं टोक ठेवून ती काही मिनिटांत होते, दुखत नाही. आणि बाळाला ऐकू येत नाही असं कळलं, तर यंत्राची, शस्त्रक्रियेची चौकशी चालू असतानाच घरातल्या सगळ्यांनी खुणांची भाषा शिकायला घ्यावी, अंगाई म्हणणाऱ्या आजीनेसुद्धा.