भिंतीपलीकडचे बाबूजी

आमच्या गावात बाबूजी येऊन गेले, हे गावातल्या शेंबड्या पोराला पण ठाऊक आहे. पण ते आले तेव्हा नेमकं काय काय झालं, यावर दोन माणसांचं एकमत म्हणून नाही. कुणी म्हणतं, ते जीपमधनं उतरले. कुणी म्हणतं, छे, काळी मोटार होती. शिंपीकाका शेवटपर्यंत सांगत राहिले, की खाली धोतर होतं आणि धोतराचा काठ त्यांनी स्वतः बघितला होता. गुरुजी तेवढ्याच खात्रीनं सांगायचे, की पायजमा होता, पांढरा, इस्त्रीचा. या एका धोतर-पायजम्यावरनं पारावर किती संध्याकाळी गेल्या असतील, त्याला गणती नाही.

बाबूजी म्हणजे सुधीर फडके. जन्म कोल्हापूरचा, 1919 चा. त्यामुळं आमच्याकडची माणसं त्यांना पहिल्यापासून आपल्यातलंच धरायची. पुढं ते मुंबईला गेले, सिनेमाला संगीत देऊन मोठे झाले, पण बोलताना ‘आपल्या कोल्लापूरचं’ हे शेपूट लावल्याशिवाय आमच्याकडं त्यांचं नाव कुणी घेत नसे. त्यांच्या गाण्यांचे शब्द लिहिणारे ग. दि. माडगूळकर तर माणदेशातले, म्हणजे आमच्यापासनं पूर्वेला एक-दोन मुक्कामांवरचे. एकाचं पाणी पंचगंगेचं, दुसऱ्याचं माणगंगेचं. मधे कृष्णाकाठी आम्ही. दोघांवरही आपला हक्क आहे असं गावाला वाटलं, तर त्यात नवल नाही.

गीतरामायण सुरू झालं ते 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीच्या दिवशी, पुण्याच्या आकाशवाणीवरनं. माझा तेव्हा जन्म व्हायचा होता. पण ते वर्ष मी आबांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय, की मीही तिथं मांडी घालून बसलो होतो असं वाटतं. गावात रेडिओ एकच. मुंबईच्या गिरणीत असलेल्या एका भाऊबंदानं आणलेला, बॅटरीवर चालणारा. छपरावर बांबूला तार ताणलेली. आठवड्याला एक नवं गाणं यायचं. अशी वर्षभर छप्पन्न गाणी झाली. त्या सकाळी माणसं औत जुंपायच्या आधी त्या सोप्यात येऊन बसायची. रेडिओपुढं उदबत्ती लावलेली असायची. म्हातारी माणसं तर गाणं संपल्यावर रेडिओच्या पाया पडायची. त्या वेळी वेगवेगळी गाणी वेगवेगळे गायक गात. पुढं बाबूजी स्वतःच पेटी घेऊन सगळं गीतरामायण एकट्यानं गायला लागले आणि गावोगाव त्यांचे कार्यक्रम व्हायला लागले.

मग सिनेमाची गाणी. ‘जगाच्या पाठीवर’ 1960 चा. आमच्याकडं तो जत्रेतल्या तंबूत आला तो बऱ्याच उशिरा, रीळ तुटत तुटत. राजा परांजपे पडद्यावर पोटासाठी वणवण करायला लागले, तशी पुढं मातीत बसलेली माणसं उपरण्यानं डोळे पुसत होती. तंबू दुसऱ्या गावाला गेला तरी गाणी आमच्याकडं राहिली. नांगरामागं, मोटेवर, गुऱ्हाळात, जिथं तिथं तीच. या गाण्यांची एक गंमत होती. आमच्या गड्यांना सूर लागायचा नाही, पण शब्द एकाचाही चुकायचा नाही. शाळेची पायरी न चढलेला माणूससुद्धा जोडाक्षर सोडायचा नाही. कारण ज्यांच्याकडनं तो ते शिकला होता, ते शब्द नुसते गात नव्हते, पोचते करत होते.

1967 च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला. पहाटेची वेळ होती. घरातली भांडी फळीवरनं खाली आली, गोठ्यातली जनावरं दावी तोडून पळाली. आमच्याकडं माणूस दगावलं नाही, पण वाचनालयाच्या मागच्या भिंतीला वरपासनं खालपर्यंत हात जाईल एवढी भेग पडली. आबा वाचनालयाचे चिटणीस. दोन-तीन पावसाळे त्या भेगेवर पोती टाकून काढले. पुस्तकं भिजायला लागली. मग गुरुजींच्या कोल्हापूरच्या कुणा ओळखीनं जुळलं आणि भिंतीसाठी गीतरामायण ठेवायचं ठरलं. मी तेव्हा सातवीत होतो.

आबांची जमाखर्चाची वही अजून माझ्याकडं आहे. तिकिटं तीन दरांची. मंडपाचे बांबू गावातले, फुकट. गॅसबत्त्यांचं भाडं मांडलंय, कारण गावात वीज आली होती, पण तिचा भरवसा नव्हता. माइक-कर्ण्याचं भाडं, बॅटरीचं वेगळं. गाद्या-लोड पाटलांच्या वाड्यातनं. आणि शेवटच्या ओळीत ‘स्वयंपाक’ असा शब्द लिहून त्याच्यापुढं रकमेच्या जागी आबांनी लिहिलंय, ‘घरचा’.

घरचा म्हणजे आईचा. आमचं घर शाळेच्या पटांगणाला लागून होतं. स्टेज आमच्या परड्याच्या भिंतीला टेकवून बांधलेलं. भिंतीच्या अलीकडं मातीच्या दोन चुली मांडल्या होत्या. आई, थोरली आत्या आणि शेजारच्या दोघी-तिघी दुपारपासनं तिथं बसल्या होत्या. गाणारी माणसं म्हणून तिखट बेतानं टाकायचं, आंबट नको, तेलकट नको, असं आबांनी चारचारदा सांगितलं होतं. आई शेवटी म्हणाली, “आवो, माणूसच जेवणार हाय न्हवं?”

कार्यक्रमाची रात्र मला सगळी आठवते असं मी म्हणणार नाही. आठवतं ते एवढं, की पाच-सहा गावच्या बैलगाड्या नदीच्या वाळवंटात सोडल्या होत्या. पटांगण भरून माणसं शाळेच्या कौलांवर चढली होती. बाबूजी आले, बसले, पेटी पुढं ओढली आणि एवढी माणसं अशी गप्प झाली, की गॅसबत्तीचा फुसफुस आवाज ऐकू यायला लागला. पुढं गाणी एकामागनं एक. आम्ही पोरं स्टेजच्या कडेला दाटीवाटीनं बसलो होतो. सेतू बांधायचं गाणं आलं तेव्हा मागं उभ्या असलेल्या गवंड्यांनी नकळत पायानं ठेका धरला. पुढच्या महिन्यात वाचनालयाची भिंत त्यांनीच बांधली. दगड वाहताना ते हेच गाणं म्हणत होते, हे मी कानानं ऐकलंय.

पुढं बरीच वर्षं गेली. मी नोकरीला लागलो, आबा गेले, वाचनालयाला वरचा मजला झाला.

29 जुलै 2002 ला बाबूजी गेले. मी सुट्टी काढून गावीच होतो. दिवेलागणीला पारावर एकेक माणूस येऊन बसायला लागलं. कुणी बोलावलं नव्हतं. घरातलं माणूस गेल्यावर बसतात, तसे सगळे बसले. पावसाची भुरभुर होती. मग एकेकजण बोलायला लागला.

माइकवाले अण्णा म्हणाले, “मला त्यांनी जवळ बोलावलं. कर्ण्याचा आवाज कमी करायला लावला. मी आपला मोठा करतोय, तर ते कमी करायला सांगत्यात. शब्द फुटायला नगं, असं त्यांचं म्हणणं.” अण्णांनी जन्मभर लग्नात, जत्रेत, पुढाऱ्यांच्या सभेत माइक लावला. पण आवाज कमी करा असं सांगणारा तो एकच माणूस त्यांना भेटला.

शिंपीकाकांनी धोतर काढलं. गुरुजींनी पायजमा काढला. त्या दिवशी दोघंही फार ताणून बोलले नाहीत.

पाटलांच्या धाकट्यानं आपल्या लोडाची गोष्ट सांगितली. बाबूजी ज्या लोडाला टेकले, त्याची खोळ त्याच्या आईनं वर्षभर धुऊ दिली नव्हती. मळ्यातला म्हादबानाना म्हणाला, “माझी काय भेट न्हाई बाबा. मी कौलावर हुतो. पण रामाला वनात धाडताना माझ्याकडंच बघून गायले.” सगळे हसले. पण बघितलं तर त्या रात्री प्रत्येकाला हेच वाटलं होतं. अण्णांना, गुरुजींना, मलासुद्धा.

बोलणी अशी चालली असताना माझ्या ध्यानात आलं, की बायकांच्यातलं कुणीच बोलत नाही. आई देवळाच्या पायरीवर बसली होती. तिचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढं. अण्णा म्हणाले, “वैनी, तुमच्या घरात तर ते जेवले. तुम्ही तर लई जवळनं बघितलं आसंल.”

आई म्हणाली, “म्या न्हाई बघितलं त्यांला.”

सगळ्यांनी मान वर केली. आईनं सांगितलं ते असं. कार्यक्रम सुरू होता तोवर ती चुलीपुढं. संपल्यावर मंडळी सोप्यात जेवायला बसली, तेव्हा वाढायला पुरुष आणि पोरं. ती आत भाकऱ्या थापत होती. मंडळी उठली, गाडीत बसली, गाडी गेली. दिव्याच्या उजेडात धूळ उडालेली तेवढी तिनं दारातनं बघितली.

“पर ऐकलं सगळं,” ती म्हणाली. “तुमी कर्ण्यातनं ऐकलं. माझ्या भिताडाच्या पलीकडंच ते बसलं हुतं. मला त्यांचा गळा ऐकू येत हुता. दोन वळींच्या मधी त्यांनी सोडलेला दमसुद्धा.”

मग ती जरा थांबली. पुढचं ती बोलली नाही. ते मला ठाऊक होतं, आणि थोरल्या आत्याला. त्या कार्यक्रमाच्या आदल्या पावसाळ्यात माझा धाकटा भाऊ तापानं गेला होता. पाच वर्षांचा. तालुक्याला न्यायला गाडी जुंपली, तर ओढ्याला पाणी आलेलं. आई चार दिवस रडली आणि पाचव्या दिवशी गप्प झाली. त्यानंतर तिनं त्याचं नाव काढलं नाही. त्याचा सदरा पेटीत तळाला ठेवला आणि कामाला लागली. घरातलंही कुणी तिच्यापुढं त्याचं नाव घेत नसे.

त्या रात्री राम भरताची समजूत काढतो ते गाणं आलं. समुद्रात वाहणारे दोन ओंडके एकमेकांजवळ येतात, लाटेनं लांब जातात, माणसाच्या भेटीही तशाच, असं सांगणारं. मी पाण्याची कळशी न्यायला परड्यात आलो होतो. तव्यावर भाकरी होती आणि तिच्यातनं धूर निघत होता. आई हातात पीठ तसंच धरून भिंतीकडं तोंड करून बसली होती. आत्यानं भाकरी काढायला हात पुढं केला आणि मागं घेतला. गाणं संपेपर्यंत त्या दोघींतलं कुणी हललं नाही. आईच्या हातची भाकरी करपलेली मी जन्मात तेवढी एकदाच बघितली. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं पेटीतनं तो सदरा काढला, उन्हात घातला आणि आत्याला म्हणाली, “माझ्या बाळूचं काय बी चुकलं नव्हतं. आणि आपलंबी न्हाई.”

एवढंच. पण त्यानंतर आमच्या घरात बाळूचं नाव निघायला लागलं. सणावाराला त्याची आठवण निघायची. आई त्याच्या खोड्या सांगायची. कधी हसायचीसुद्धा.

मी पुढं पहिल्या पगारातनं टेपरेकॉर्डर घेतला आणि गीतरामायणाच्या कॅसेटी आणल्या. आई रोज काही लावायची नाही. महिना-दोन महिन्यांतनं एकदा म्हणायची, “ते भरताचं लाव.” ऐकायची आणि उठून कामाला लागायची. तिला अक्षरओळख नव्हती. पण त्या गाण्यातला अवघड संस्कृत शब्दही तिला कधी अडला नाही. मला पुस्तकं वाचून जेवढा अर्थ कळला, तेवढा तिला भिंतीपलीकडनं कळला होता. संगीतकार मोठा कशानं होतो, याची चर्चा मी शहरात पुष्कळ ऐकली. रागदारी, चाली, वाद्यमेळ, सगळं खरं. मला मात्र त्यात ही एक गोष्ट जोडावीशी वाटते. भिंतीआड चुलीपुढं बसलेल्या बाईपर्यंत शब्द जसाच्या तसा गेला पाहिजे, अशी त्या चालींची बांधणी होती.

बाबूजींचं आत्मचरित्र त्यांच्या माघारी निघालं. अपुरंच राहिलेलं. त्याचं नावही ‘जगाच्या पाठीवर’. दिवाळीच्या सुट्टीत मी ते आईला वाचून दाखवत होतो. तरुणपणी त्यांनी काढलेले उपाशी दिवस, पोटासाठी केलेली वणवण, ते वाचत असताना आई निवडायला घेतलेलं सूप बाजूला ठेवून ऐकत राहिली. मग म्हणाली, “आपल्याकडं जेवलं तवा तू वाढाय हुतास न्हवं? पोटभर जेवलं हुतं का रं?”

मला आठवत नव्हतं. मी पाण्याचे तांबे फिरवत होतो. कुणी किती खाल्लं, हे बघण्याचं माझं वयच नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.

आई थोडा वेळ गप्प बसली. मग सूप परत पुढं ओढत म्हणाली, “जेवलं आसत्याल. ताटं आमीच घासली की. तुझ्या आबांनी त्यांचं ताट दावलं हुतं मला. एक कण ठेवला नव्हता त्यात.”