हबवरचा ५२

आजोबांची रॅले सायकल रझाकारांच्या काळातली, असे आमच्या लातूरच्या घरात सांगत. नांदेडच्या कारागिराने मागचे चाक उकलले, तेव्हा गियरच्या हबवर अक्षरे दिसली: स्टर्मी-आर्चर, एडब्ल्यू, ५२. हा आकडा निर्मितीवर्षाचा, म्हणजे १९५२. पोलीस ॲक्शन तर सप्टेंबर १९४८ मध्येच आटोपली होती!

नवे हब सुचवले गेले. पण त्याला ३६ छिद्रे आणि आजोबांच्या रिमला ४०. रिमही गेली असती आणि पुरावाही. मी जुनेच हब ठेवले. तेल पडताच त्याचे तिन्ही गियर चालू लागले: दुसरा थेट, पहिला पाव भागाने सावकाश, तिसरा एक तृतीयांशाने जलद.

हब मागाहून बसवलेले असू शकेल. पण केवळ ऐकीव गोष्टीवर सायकलीचे वय मी आता सांगत नाही. तुमच्या घरी अशी सायकल असल्यास, मित्रहो, हब बदलण्यापूर्वी तो आकडा वाचा.